पालक बोलले किती, मुलांपर्यंत पोहोचले किती?

लैंगिक आरोग्याविषयी घरात होणारा संवाद मोजता येतो का? गेली चाळीस वर्षे संशोधक त्यासाठी पट्ट्या तयार करत आहेत. त्यातून हाती आलेले निष्कर्ष पालकांच्या रोजच्या उपयोगाचे आहेत.

आई आणि तिचा पंधरा वर्षांचा मुलगा यांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारायचा : लैंगिक संबंध, गर्भनिरोधन, त्यातून होणारे आजार यांविषयी तुमचे घरात कधी बोलणे झाले आहे का? आई सांगते, 'हो, झाले आहे.' मुलगा सांगतो, 'नाही.' दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, तरी उत्तरे जुळत नाहीत. या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांना हा अनुभव वारंवार आला. मग मुलांशी 'मोकळेपणाने' बोलतो असे पालक म्हणतात तेव्हा नेमके काय घडलेले असते, आणि ते मोजायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. 'मुलांशी बोला' हा सल्ला डॉक्टर, समुपदेशक, शाळा सगळेच देतात. शाळांमधून, सोसायट्यांमधून पालकांसाठी कार्यशाळा होतात. शेवटी अभिप्रायाचा कागद फिरतो आणि त्यावर 'कार्यक्रम छान झाला' असे लिहिलेले असते. पण त्या पालकांनी घरी जाऊन मुलांशी काही बोलले का, बोलले तर काय बोलले, आणि मुलांना ते समजले का, याचे उत्तर त्या कागदातून मिळत नाही. रक्तदाब न मोजता केवळ 'बरे वाटते' या शब्दावर औषध चालू ठेवण्यासारखेच हे आहे.

मोकळेपणा म्हणजे नेमके काय?

मोजायचे तर आधी कशाचे माप घ्यायचे ते ठरले पाहिजे. 'मोकळेपणा' या एका शब्दात बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. एखाद्या वडिलांना सगळी शास्त्रीय माहिती असते. पण मुलीसमोर 'पाळी' हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळते. एखादी आई अजिबात संकोचत नाही. पण तिच्याकडे असलेली माहितीच चुकीची असते. तिसऱ्या घरात माहिती आहे, संकोचही नाही. पण 'वेळ आली की बोलू' म्हणत वर्षे निघून जातात. या तिन्ही घरांना एकाच गुणांकात बसवले तर हाती काहीच लागणार नाही.

म्हणून संशोधकांनी वेगवेगळ्या पट्ट्या तयार केल्या. अमेरिकेत 1986 मध्ये क्ले वॉरन आणि मायकेल नीअर यांनी 18 विधानांची एक प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या : बोलताना वाटणारी सहजता, मिळालेली माहिती आणि अशा संवादाला दिले जाणारे महत्त्व. पालकांना विचारण्याऐवजी त्यांनी मुलामुलींना विचारले. आईवडिलांशी या विषयावर बोलताना मोकळे वाटते का, हे ऐकणाऱ्याने सांगायचे, असा हा दृष्टिकोन होता.

दुसरी वाट मानसशास्त्रज्ञ टेरी फिशर यांची. त्यांनी भावना बाजूला ठेवून विषयांची यादी केली. गर्भधारणा, फलन, लैंगिक संबंध, मासिक पाळी, लैंगिक संबंधातून होणारे आजार, गर्भनिरोधन, गर्भपात, वेश्याव्यवसाय आणि समलैंगिकता असे हे नऊ विषय. प्रत्येकावर घरात किती बोलणे झाले, याला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे भरपूर. एकूण गुण शून्य ते 36. साधी दिसणारी ही युक्ती महत्त्वाची आहे. 'तुम्ही मोकळेपणाने बोलता का' याला 'हो' म्हणणे सोपे असते. 'गर्भनिरोधनावर किती बोललात' या प्रश्नापाशी मात्र माणसाला थांबून आठवावे लागते.

तिसरी वाट आत्मविश्वासाची. एखादे काम आपल्याला जमेल असा विश्वास असेल तर माणूस ते हाती घेण्याची शक्यता वाढते, हा विचार अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडला. त्याच्या आधारे परिचर्या क्षेत्रातील संशोधक कॉलीन डिइओरिओ आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये पालकांसाठी पट्टी प्रसिद्ध केली. पाळी म्हणजे काय हे मी मुलाला समजावू शकते का? कंडोम का वापरावा हे सांगू शकते का? नको असेल तेव्हा नकार कसा द्यावा, हे शिकवू शकते का? अशा प्रत्येक कामाबद्दल 'मुळीच खात्री नाही' ते 'पूर्ण खात्री आहे' या सात पायऱ्यांपैकी एक निवडायची. एकाच पालकाला एका कामाची पूर्ण खात्री आणि दुसऱ्याची मुळीच नाही, असे चित्र यातून स्पष्ट दिसते. कार्यशाळेत कशावर भर द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते.

तराजू आणि त्याचा पासंग

पाच किंवा सात पायऱ्यांवर मत नोंदवण्याची ही पद्धत आता सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी ती 1932 मध्ये मांडली. पण चार प्रश्न लिहून त्यांपुढे पाच चौकोन काढले की पट्टी तयार होत नाही. तिला काही परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा विश्वासार्हतेची. त्याच पालकाला तीच प्रश्नावली दोन आठवड्यांनी पुन्हा दिली, मधल्या काळात घरात काही घडले नाही, तर गुण साधारण तेच यायला हवेत. शिवाय एकाच गोष्टीचे माप घेणारी विधाने एकमेकांशी सुसंगत असली पाहिजेत. ही सुसंगती तपासण्यासाठी ली क्रॉनबॅक यांनी 1951 मध्ये लोकप्रिय केलेला 'अल्फा' हा आकडा वापरतात. तो जितका एकजवळ, तितकी विधाने एका सुरात बोलतात.

दुसरी परीक्षा अधिक कठीण असते. पट्टी जे मोजते असे म्हणते, तेच मोजते का? तराजू दर वेळी एकच वजन दाखवत असेल. पण त्यात पासंग असेल तर ते वजन दर वेळी सारखेच चुकलेले असते. पालकांच्या प्रश्नावलीतला पासंग म्हणजे चांगले दिसण्याची इच्छा. आपण आधुनिक, समजूतदार पालक आहोत असे सांगावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे पालकांच्या स्वतःच्या उत्तरांवरून मिळणारे गुण वरच्या बाजूला झुकू शकतात. नाव न लिहिता उत्तरे घेणे, 'बोलता का' याऐवजी 'गेल्या तीन महिन्यांत कोणत्या विषयावर बोललात' असे नेमके विचारणे, हे त्यावरचे उपाय. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र मुलांनाही तेच विचारणे, हा आहे.

एक घर, दोन उत्तरे

सुसान न्यूकमर आणि रिचर्ड उड्री यांनी 1985 मध्येच दाखवून दिले होते की घरात बोलणे झाले की नाही याबाबत पालक आणि मुले यांच्या उत्तरांत फारसा मेळ नसतो. 1998 मध्ये जेम्स जॅकार्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक कृष्णवर्णीय माता आणि त्यांच्या किशोरवयीन मुलांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली. तिथेही संवादाबद्दलची उत्तरे पुरेशी जुळली नाहीत. शिवाय आपल्या मुलाचे लैंगिक संबंध आले आहेत का, याबाबत मातांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी होता.

असे का होते? टीव्हीवरची बातमी पाहताना आई म्हणते, 'बघ, आजकाल काय काय होतं. नीट राहायचं.' आईच्या हिशेबी हा लैंगिक सुरक्षिततेवरचा संवाद असतो. मुलीच्या हिशेबी ती नेहमीची सूचना असते. 'लवकर घरी ये' हे वाक्य आईच्या मनात काळजीने भरलेले असते; मुलीला त्यात वेळेपलीकडे काही ऐकू येत नाही. मोघम बोलणे पालकांना बोलल्यासारखे वाटते, मुलांना मात्र ते ऐकल्यासारखे वाटत नाही.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात याच संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या अडचणी विचारल्या. आपल्याला उत्तर न येणारा प्रश्न मुलाने विचारला तर काय, आणि मूल संकोचेल, या भीती मातांच्या बाजूला होत्या. मुलांच्या बाजूला वेगळीच धास्ती होती : विषय काढला तर आई खासगी प्रश्न विचारत सुटेल. एकाला परीक्षेची भीती, दुसऱ्याला चौकशीची. केवळ पालकांची सहजता मोजली असती तर ही दुसरी भीती कधीच कळली नसती.

मोजल्यामुळे काय कळले?

घरातल्या संवादाचा उपयोग होतो का, याचे उत्तर देण्यासाठी लॉरा विडमन आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांतील 50 हून अधिक अभ्यास एकत्र केले. त्यांत 25 हजारांहून अधिक किशोरवयीन होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात पालकांशी झालेला संवाद आणि कंडोम किंवा गर्भनिरोधकांचा वापर यांत संबंध आढळला. तो लहान होता, पण खरा होता. मुलींच्या बाबतीत तो मुलांपेक्षा अधिक स्पष्ट होता आणि आईशी झालेल्या संवादाच्या बाबतीत वडिलांपेक्षा अधिक. वडील आणि मुलगे या जोडीत संवादच कमी होतो, हे इतर अनेक अभ्यासांतूनही पुढे आले आहे.

वेळेचा मुद्दाही आकड्यांतूनच समोर आला. मेगन बेकेट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 24 विषयांची यादी घेऊन कोणते बोलणे मुलाच्या आयुष्यातील कोणत्या टप्प्यावर झाले ते तपासले. ज्यांचे लैंगिक संबंध आले होते अशा अनेक मुलांच्या घरात गर्भनिरोधन, आजारांची लक्षणे, कंडोम हे विषय तोपर्यंत निघालेच नव्हते. पालक बोलणार होते, पण उशीर झाला होता.

त्याआधी 2008 मध्ये स्टीव्हन मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी 312 किशोरवयीन आणि त्यांच्या पालकांकडून मिळालेल्या माहितीवरून आणखी एक गोष्ट दाखवली. संवादात किती विषय येतात याबरोबरच तेच विषय किती वेळा पुन्हा निघतात, याला महत्त्व असते. ज्या घरांत विषय पुन्हा पुन्हा निघत, तिथली मुले पालकांना अधिक जवळची मानत आणि त्यांच्याशी बोलणे त्यांना अधिक सोपे वाटे. एकदाच गंभीरपणे समोर बसवून सगळे सांगून टाकण्याच्या कल्पनेला त्यामुळे धक्का बसला.

मग सहजता शिकवता येते का? दक्षिण कॅलिफोर्नियात मार्क शूस्टर यांच्या गटाने 13 कामाच्या ठिकाणी 569 पालकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आठ आठवडे, जेवणाच्या सुट्टीत एक तास प्रशिक्षण मिळाले. त्यात माहितीपेक्षा सरावावर भर होता : प्रश्न कसा ऐकायचा, न रागावता उत्तर कसे द्यायचे, याचा प्रत्यक्ष सराव. नंतर प्रश्न पालकांना विचारले तसे त्यांच्या मुलांनाही विचारले. कार्यक्रमानंतर 'पालकांनी कंडोमचा वापर कसा करायचा ते सांगितले' असे प्रशिक्षित गटातील 18 टक्के मुलांनी सांगितले. दुसऱ्या गटात हे प्रमाण तीन टक्के होते. हा आकडा मुलांच्या तोंडून आलेला असल्यामुळे त्याचे वजन अधिक.

मात्र अतिरंजित अपेक्षा नकोत. विडमन यांच्याच 2019 मधील विश्लेषणात पालकांसाठीच्या अशा 31 चाचण्या एकत्र केल्या होत्या. त्यांत संवाद वाढला, कंडोमचा वापरही वाढला. पण लैंगिक संबंध सुरू होण्याचे वय लांबल्याचा पुरावा मिळाला नाही. 'बोलले की मुले बिघडतात' ही आपल्याकडची जुनी भीती. बोलण्याने संबंध वाढले, असेही या चाचण्यांतून दिसले नाही.

मराठी घरात हीच पट्टी

हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. ती प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणली तर चालेल का? भाषांतर करून ते दुसऱ्या माणसाकडून मूळ भाषेत परत आणायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, अशी पद्धत 1970 पासून रूढ आहे. पण इथे अडचण व्याकरणाची नाही, शब्दांचीच आहे. घरात 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'बाहेरची आहे' असे म्हटले जाते आणि प्रश्नावलीत 'मासिक पाळी' किंवा 'ऋतुस्राव' लिहिलेले असते. अवयवांसाठी एकीकडे संस्कृत शब्द, दुसरीकडे शिव्या. मधला, आई आणि मुलगा दोघांनाही सहज उच्चारता येईल असा शब्द अनेकदा सापडतच नाही. 'स्वप्नदोष' या शब्दाने तर एका नैसर्गिक शारीरिक घटनेला आधीच दोष ठरवून टाकले आहे. अशा शब्दांवर कमी गुण आले तर ते संकोचाचे आहेत की शब्दाचे, हे सांगणे कठीण जाते. म्हणून आधी थोड्या पालकांसोबत एकेक विधान वाचून 'यातून तुम्हाला काय समजले' असे विचारावे लागते.

दुसरा फरक कुटुंबाचा. आपल्याकडे मुलीला पाळीबद्दल पहिल्यांदा मोठी बहीण, मावशी, वहिनी किंवा आजी सांगू शकते. फक्त 'आई' आणि 'वडील' एवढेच रकाने असलेली पट्टी अशा घराला शून्य गुण देईल. प्रत्यक्षात तिथे बोलणे झालेले असेल. तिसरी अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना आशाताईंनी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे कठीण. कागद स्वतः भरून बंद पाकिटात देण्याची सोय केली तर चित्र बदलू शकते.

मोजण्याची गरज मात्र इथे मोठी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 10 ते 19 वयोगटातील लोकसंख्या 25 कोटींहून अधिक होती. 2000 ते 2015 या काळातील भारतीय अभ्यासांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की पहिली पाळी येण्याआधी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली जेमतेम निम्म्या होत्या. ज्यांना माहिती मिळाली त्यांना ती बहुधा आईकडूनच मिळाली होती. महाराष्ट्रासह सहा राज्यांत 2006-07 मध्ये झालेल्या मोठ्या युवा सर्वेक्षणात लैंगिक किंवा कुटुंबजीवन शिक्षण मिळाल्याचे केवळ 15 टक्के तरुण-तरुणींनी सांगितले होते. त्यानंतर लगेच, 2007 मध्ये, शालेय किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोध केला आणि तो थांबवला. 'हे घरीच शिकवावे' हा तेव्हाचा एक युक्तिवाद होता. तो खरा मानायचा असेल तर घरी किती शिकवले जाते, हे मोजले पाहिजे.

विशेष म्हणजे मराठीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली आणि त्यासाठी खटलेही सोसले. छापील पानावर मराठीत हे बोलणे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले. जेवणाच्या ताटाभोवती मात्र ते अजून तितके पोहोचलेले नाही.

पालकांनी स्वतःला विचारायचे प्रश्न

खालील प्रश्न ही शास्त्रीय चाचणी नव्हे. पण अशा पट्ट्या कशा विचार करतात ते त्यांतून समजेल. प्रत्येकाला 'अजिबात नाही', 'थोडे' किंवा 'नीट' असे उत्तर द्यावे.

– शरीरातील बदल, पाळी, वीर्यस्खलन याविषयी मुलगा आणि मुलगी दोघांशीही बोलणे झाले आहे का?
– अवयवांची नावे न अडखळता उच्चारता येतात का?
– नकार कसा द्यायचा आणि दुसऱ्याचा नकार कसा मानायचा, हे दोन्ही सांगितले आहे का?
– गर्भनिरोधन आणि आजार यांविषयी स्वतःला खात्रीची माहिती आहे का?
– मोबाइलवर दिसणाऱ्या अश्लील चित्रफितींबद्दल न रागावता बोलता येते का?
– शेवटचे बोलणे कधी झाले? त्यात मूल किती बोलले आणि पालक किती?

यानंतरची पायरी म्हणजे हेच प्रश्न मुलांनाही स्वतंत्रपणे सोडवायला देणे. उत्तरे तपासण्याचा हट्ट नको; मुलाला दाखवावीशी वाटली तरच पाहावीत. जिथे पालकांचे 'नीट' आणि मुलाचे 'अजिबात नाही' असेल, तिथून सुरुवात करावी. पाच मिनिटांचे, एकाच विषयावरचे बोलणे पुरेसे आहे. तो विषय पुढच्या महिन्यात पुन्हा काढता येतो. उत्तर येत नसेल तर 'मला नक्की माहीत नाही, आपण दोघे शोधू' असे म्हणायला हरकत नाही. मुलाने प्रश्न विचारला की 'तुला हे कुठून कळलं?' ही चौकशी मात्र टाळावी. मुले त्यालाच घाबरतात, हे अभ्यासांनी दाखवले आहे.

घरात बोलणे जमतच नसेल तर मदत उपलब्ध आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून सुरू आहे. त्याअंतर्गत महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांमध्ये 'मैत्री क्लिनिक' चालवली जातात. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना तिथे विनामूल्य समुपदेशन मिळते. जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात त्याचे वार आणि वेळ विचारून घ्यावी. पालकांनीही आपल्या शंका घेऊन तिथल्या समुपदेशकांना भेटायला हरकत नाही.